रडून मोकळं होण्याचं प्रात्यक्षिक

रसायनशास्त्राच्या बाईने इंग्रजी शिकवू नये, असा एकही शासन निर्णय नाही. मी शोधून पाहिला. असता तर त्याची प्रत मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर काचेखाली सरकवली असती आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

आमचं हायस्कूल घाटंजी तालुक्यात आहे. यापेक्षा नेमका पत्ता देत नाही, कारण त्या दिवशी आलेली रुग्णवाहिका अजून आमच्यावर नाराज आहे. तर आमचे इंग्रजीचे धम्मरत्न सर विस्तार अधिकाऱ्यांसमोर नववीचा नमुना पाठ घेणार होते. तयारी झाली होती. पण डॉक्टरांनी दिलेल्या तारखेची वाट न पाहता त्यांची मुलगी जन्माला आली आणि सर नागपूरला निघून गेले. मागे राहिली ती फळ्यावरची वाक्यं. प्रत्येक वाक्यात आधी एक क्रियापद, त्याला चिकटून 'हिमसेल्फ' किंवा 'हरसेल्फ', आणि शेपटाला 'आउट'. ही लॉक्ड हिमसेल्फ आउट. शी वोअर हरसेल्फ आउट. ही टॉक्ड हिमसेल्फ आउट. शी क्राइड हरसेल्फ आउट.

"मॅडम, हा पाठ आता तुमी घ्या," मुख्याध्यापक बबनराव सर म्हणाले.

"मी विज्ञान शिकवते, सर."

"विज्ञान काय मराठीत असते का जी? ऑक्सिजन कोणत्या भाषेतला हाय?"

या प्रश्नाला मुद्देसूद उत्तर देता येतं. ऑक्सिजनचं मूळ इंग्रजीत नाही. पण मी ते दिलं नाही, कारण त्याच वेळी सर माझ्या खांद्यावरून पलीकडे, प्रयोगशाळेच्या छताकडे पाहत होते, आणि ती नजर मला ओळखीची होती.

पोषण आहाराचा तांदूळ ठेवायची कोठी गळत होती. शाळेत न गळणारी छतं म्हणजे माझ्या प्रयोगशाळेचं आणि आणखी एक-दोन खोल्यांचं. सरांच्या मते प्रयोगशाळेत वापरण्यासारखं होतंच काय? फुटलेल्या परीक्षानळ्या, चार बुरेट, एक तराजू. माझ्या मते त्या खोलीत सगळं होतं. अखेरीस असं ठरलं होतं की खोली कोणाची, याचा निर्णय विस्तार अधिकारी भेटीच्या दिवशी करतील.

"साहेब खूश झाले तं लॅब तुमची," सर म्हणाले. "साहेबाचं तोंड वाकडं झालं तं मी काहीच बोलत नाई. पोते गुमान तिकडं जातीन."

म्हणजे तांदूळ आणि तराजू यांच्यामध्ये आता इंग्रजीचा एक पाठ उभा होता. मी पाठ घेतला.

आधी धम्मरत्न सरांना फोन केला. ते म्हणाले, "सोपं आहे, मॅडम. लॉक म्हणजे किल्ली आत अन् माणूस बाहेर. वेअर म्हणजे थकून चूर होणं. टॉक म्हणजे बोलणं संपेपर्यंत बोलणं. अन् क्राय म्हणजे रडून रडून मोकळं होणं, पुढं रडायला काही उरतच नाही. अर्थ सांगा अन् पोरांकडून पाठ करून घ्या." मागे बाळाचा आवाज येत होता. "हिचं ऐकताय ना? हिचं अजून आउट झालेलं नाही."

पाठ करून घेणं मला जमत नाही. जे करून दाखवता येतं ते पाठ करून घेणं हा मी विज्ञानाचा अपमान समजते. घरी जाऊन मी त्या वाक्यांकडे बराच वेळ पाहत बसले आणि एकदम उलगडा झाला. हे तर अनुमापन होतं! बुरेटमधून थेंबथेंब द्रावण सोडत जायचं, सोडत जायचं, आणि एका थेंबाला रंग पालटतो. तो अंत्यबिंदू. त्यापुढे काही उरत नाही. रडणं, बोलणं, थकणं हे द्रावण; आउट हा अंत्यबिंदू; आणि ते सेल्फ म्हणजे शंकुपात्र, ज्याच्यात सगळं घडतं. मला इतका आनंद झाला की यजमानांना उठवून सांगावंसं वाटलं. ते जागेच होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि "आता झोप" असं सांगितलं.

मी ठरवलं, प्रत्येक वाक्याचं प्रात्यक्षिक घ्यायचं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान.

पहिलं वाक्य लॉकचं. प्रयोगशाळेच्या दाराला ओढताच आपोआप बसणारं लॅचचं कुलूप होतं. माझ्या आधीच्या शिक्षकांनी बसवलेलं. कृती सोपी होती. किल्ली टेबलावर ठेवायची, एका विद्यार्थिनीने बाहेर जाऊन दार ओढायचं, आत यायचा प्रयत्न करायचा, येता येत नाही हे अनुभवायचं आणि इंग्रजीत सांगायचं. अंजू राठोड ही तांड्यावरून येणारी चुणचुणीत मुलगी बाहेर गेली. ती कशी अडकते हे पाहायला सगळा वर्ग तिच्यामागे गेला. शिस्त राखायला मी वर्गामागे गेले. दार कोणी ओढलं, हे आजवर निश्चित झालेलं नाही.

दुसरी किल्ली होती. खबरदारी म्हणून मी ती पर्समध्ये ठेवली होती. पर्स आत, फोन पर्समध्ये.

"मॅडम," अंजू म्हणाली, "वी लॉक्ड अवरसेल्व्ह्ज आउट!"

व्याकरण निर्दोष होतं. मी तिला शाबासकी दिली आणि शाळेचे शिपाई देवसिंग यांना बोलावलं. देवसिंग हे अंजूचे वडील. त्यांनी पहार आणली. तेवढ्यात शाळेच्या भिंतीवरून पुंडलिकरावांचं डोकं वर आलं.

पुंडलिकराव सिंचन विभागातून निवृत्त झाले आहेत, शाळेला लागून राहतात आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आहेत. शाळेत टाचणी पडली तरी तिचा आवाज त्यांना ऐकू येतो आणि ती कशी पडायला हवी होती तेही त्यांना माहीत असतं.

"थांब गा देवसिंग! कुलूप तोडू नको!" ते फाटकातून वळसा घालून आले. "ते डेडस्टॉकच्या रजिस्टरले चढलेलं हाय. सरकारी वस्तू. आधी निर्लेखन करा लागते."

"म्हणजे काय करा लागते, अण्णा?" देवसिंगने विचारलं.

"समितीचा ठराव. मंग तालुक्याले प्रस्ताव. मंग तिकडून मानूस येते, वस्तू निकामी हाय का पायते, सही करते. मंग तोड."

"तोवर माझी पर्स?" मी विचारलं.

"पर्स डेडस्टॉकले हाय का?"

"नाही."

"मंग तिची चिंता नाई," पुंडलिकराव म्हणाले, आणि सिंचन विभागात एका पंपगृहाचं कुलूप विनापरवानगी तोडल्यामुळे एका अभियंत्याचं काय झालं, ते सांगायला लागले. सांगता सांगता ते आरामात दाराला टेकले. कुलूप जुनं होतं. कड् असा आवाज झाला आणि पुंडलिकराव अध्यक्षपदासकट आत गेले.

ते उठून बसले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "तुटलं नाई. निखळलं. निखळल्याले निर्लेखन नाई लागत."

पण त्या दिवसापासून ते दार लागेना. वारा आला की आपोआप उघडायचं. बबनराव सर येऊन पाहून गेले. "दारच लागत नाई तं ॲसिड-फ्यासिड ठेवणं धोक्याचंच," ते खिन्न सुरात म्हणाले. "तांदळाले काय, दार नसलं तरी चालते." प्रयोग एक: तांदळाची सरशी.

दुसरं वाक्य थकून चूर होण्याचं. मी वर्गाला मैदानावर नेलं. मैदानावर नेण्यासाठी क्रीडाशिक्षकांची लेखी संमती लागते. ती त्यांनी दिली नाही, कारण क्रीडाशिक्षकही मीच आहे आणि स्वतःला पत्र लिहून स्वतःच उत्तर देणं मला कमीपणाचं वाटलं. सूचना दिली, पुरते दमेपर्यंत पळा, दमलात की थांबा आणि वाक्य म्हणा. मुलं पळाली. पळत राहिली. ही मुलं शेतातून, तांड्यावरून, नाला ओलांडून रोज पायी शाळेत येतात, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. ती हसत होती, गप्पा मारत होती, एकीने पळता पळता वेणी घातली. मागची मुलं ढेपाळल्यासारखी वाटली म्हणून उत्साह द्यायला मी शिट्टी घेऊन त्यांच्यासोबत धावले. पुढचं मला फार आठवत नाही. लिंबाखाली मी बसले होते, सुखीबाई या आमच्या स्वयंपाकीण बाई मला पदराने वारा घालत होत्या आणि वर्ग भोवती उभा राहून एका सुरात म्हणत होता, "मॅडम वोअर हरसेल्फ आउट!"

"पोट्टेहो, हसू नका," सुखीबाई म्हणाल्या. "मॅडमले अभ्यास लय झाला."

तिसरं वाक्य बोलण्याचं. त्याला पुंडलिकराव स्वतःहून आले. "बोलणं संपेपर्यंत बोलायचं ना? जमते. विषय सांगा." मी म्हटलं, विषय तुमचा. त्यांनी कालव्याचं सर्वेक्षण घेतलं. मुलांना सांगितलं होतं, अंत्यबिंदू आला की हात वर करा. कालवा अजून डोंगराजवळच होता तेव्हा मधली सुट्टी झाली. कालवा वळला तेव्हा शाळा सुटली. कोणाचाही हात वर झाला नाही. फाटकाजवळ निरोप घेताना पुंडलिकराव म्हणाले, "आता मुख्य मुद्द्यावर आलो होतो मी. बाकीचं साहेबासमोर." मी निरीक्षणात लिहिलं: अंत्यबिंदू आढळला नाही.

राहिलं रडणं. भेट जवळ आली होती, तीन प्रात्यक्षिकांचे निष्कर्ष तुम्ही पाहिलेच आहेत, आणि बबनराव सरांनी रिकाम्या पोत्यांना ऊन द्यायला सुरुवात केली होती. वर्गाला विचारलं, कोण रडून दाखवेल? सगळे हसले. कोणी कांदा सुचवला. मी समजावून सांगितलं की कांद्याने डोळ्यांत येतं ते केवळ पाणी, त्याला रडणं म्हणत नाहीत.

"मॅडम," अंजू म्हणाली, "माही आजी रडते. एकदम मस्त रडते."

"का रडते?"

"कोणी लय दिवसानं भेटलं की. रडते, रडते, मंग एकदम थांबते अन् म्हनते चहा ठेवा."

हे मी पाहिलं होतं. घाटंजीच्या बाजारात दोन बंजारा बाया एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडताना पाहून मी एकदा सांत्वनाला पुढे झाले होते. कोण गेलं, असंही विचारलं होतं. त्यांनी डोळे पुसून सांगितलं होतं, "कोणी नाई गेलं, बाई. बहीण आली." कितीतरी काळाने भेटल्या की या बाया मधल्या काळातलं सगळं, गेलेली माणसं, आलेली दुखणी, शब्दांत आणि सुरात रडून घेतात. ते पुरतं झालं की मग हसायला मोकळ्या. क्राय वनसेल्फ आउट या वाक्यासाठी याहून शुद्ध नमुना जिल्ह्यात मिळणार नव्हता.

मी देवसिंगसोबत तांड्यावर गेले. अंजूची आजी धनीबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. अंगावर आरसे लावलेली जुनी ओढणी, हातभर बांगड्या. मी उद्देश सांगितला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला उद्देश परत घ्यावासा वाटला.

"रडणं म्हंजे काय भाजी हाय का, मॅडम? कापली अन् फोडणी देली?" त्या म्हणाल्या. "समोर माणूस पायजे. लय दिवसाचा न भेटलेला."

"बरोबर आहे. माफ करा."

"थांबा, जाता कुठं?" त्यांनी शेंगांचं टोपलं बाजूला केलं. "माही पोरगी हाय पांढरकवड्याकडं देलेली. मागच्या होळीपासून आली नाई. नालायक हाय. तिले बोलावतो. पण मंग घरी नको. घरी आली की रडणं इथंच होऊन जाईन, तुमच्या कामाचं काही उरणार नाई. सरळ शाळेतच येऊ द्या."

"तोवर तुम्हाला थांबवेल?"

"होळीपासून थांबून राह्यलो ना," धनीबाई म्हणाल्या.

आता समितीचा ठराव. बाहेरची व्यक्ती शाळेत येणार म्हणजे ती कोणत्या नात्याने? पुंडलिकरावांनी विचार करून तोडगा काढला: साधनव्यक्ती. बबनराव सर मात्र हबकले होते. "साहेबासमोर रडणं? मॅडम, लोक म्हणतीन शाळेत कोणी मेलं!" मी म्हटलं, पाठात वाक्य आहे. सर म्हणाले, पाठात वाघ असला तं वाघ आणाल का? तरी ठराव झाला, कारण पुंडलिकरावांना 'साधनव्यक्ती' हा शब्द फार आवडला होता.

विस्तार अधिकारी नवीन होते. नुकतेच आमच्या तालुक्यात बदलून आलेले. इंद्रजीत पवार. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल, चेहऱ्यावर काहीही नाही. नमस्कार केला तर मान हलली, चहा दिला तर मान हलली. ते प्रयोगशाळेत स्टुलावर बसले. बाहेर व्हरांड्यात तांदळाची भरलेली पोती आधीच ओळीने आणून ठेवलेली होती. बबनराव सर पोत्यांजवळ उभे होते. आणि त्यांच्या पलीकडे खांबाला टेकून धनीबाई, मुलीची वाट पाहत.

मुलगी आली नव्हती. तिचा फोन आला होता: एसटी वाटेत बंद पडली, झाडाखाली बसलो आहोत.

मी पाठ सुरू केला. लॉकचं वाक्य सांगून दार ओढलं. दार हलकेच पुन्हा उघडलं. पुन्हा ओढलं. पुन्हा उघडलं. साहेबांनी फाइलीत काहीतरी लिहिलं. थकण्याच्या वाक्याला मुलांनी उदाहरण म्हणून एकमुखाने माझं नाव घेतलं. साहेबांनी पुन्हा लिहिलं. बोलण्याच्या वाक्याला मी पुंडलिकरावांना बोलावणार नव्हते, पण ते आलेच होते, आणि कालवा जिथे थांबला होता तिथूनच निघाला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग उठले.

"मॅडम, माझ्या पुढच्या शाळा आहेत," ते म्हणाले.

"अजून एक वाक्य आहे, सर. पण साहित्य यायचं आहे. एसटीने."

त्यांनी मान हलवली. दाराबाहेर बबनराव सरांनी देवसिंगला डोळ्याने खूण केली आणि देवसिंगने अगदी नाइलाजाने पहिल्या पोत्याला हात घातला. मला आठवतं, त्या क्षणी मी तराजूकडे पाहिलं. तो काचेच्या पेटीत होता, तांदळाला त्याचा काही उपयोग नव्हता.

साहेब उंबरठ्यावर आले आणि धनीबाई समोर उभ्या राहिल्या.

"कोणत्या तांड्याचा गा तू?"

"आजी, मी ऑफिसच्या कामाने..."

"नाक कोणाचं हाय हे? कोणाचा पोरगा?"

साहेबांनी काखेतली फाइल सावरली. "पूनमसिंग पवारांचा. महागावकडचा."

धनीबाईंनी दोन्ही हात त्यांच्या चेहऱ्याला लावले. "पूनम माहा भाऊ," त्या म्हणाल्या. "मी धनी. तुही फूफी, आत्या."

देवसिंगच्या हातातलं पोतं खाली बसलं.

नंतर देवसिंगनेच सांगितलं ते इथे सांगते, म्हणजे घोटाळा होणार नाही. धनीबाईंचे भाऊ कोरोनाच्या काळात गेले. रस्ते बंद होते, इकडून कोणी जाऊ शकलं नाही. त्यांचा मुलगा इंद्रजीत पुण्यात अडकलेला, त्यालाही पोचता आलं नाही. मग नोकरी, बदल्या. इंद्रजीतला पाहिलं होतं ते तो अर्ध्या चड्डीत असताना. भाऊ गेला होता, पण भावासाठी रडायची भेट झालीच नव्हती. एवढी वर्षं ते रडणं तसंच बाकी होतं.

धनीबाईंनी साहेबांना पुन्हा खोलीत ढकलत त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि सूर लावला. "याडी ये... मार वीरा..."

मी असा आवाज चार भिंतींच्या आत कधी ऐकला नव्हता. परीक्षानळ्यांच्या स्टँडमधून बारीक किणकिण उमटली. अंजू माझ्याजवळ येऊन हळूच मराठीत सांगत होती: "म्हनते, आई वो, माह्या भावा, तू मले खांद्यावर बसवून बाजारात नेत होता... म्हनते, माह्या लग्नात तू झाडामागं लपून रडला, मले दिसलं होतं... म्हनते, तुले पाणी पाजाले मी नवती..."

साहेब ताठ उभे होते. हात खाली, फाइल काखेत. मग फाइल पडली. मग त्यांचा हनुवटीजवळचा भाग विचित्र हलला आणि आमच्या तालुक्याचे विस्तार अधिकारी फूफीच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडू लागले. अशा भेटीत पुरुष नुसते उभे राहतात, रडतात त्या बाया, असं देवसिंग नंतर म्हणाला. पण साहेबांना ते कोणी सांगितलेलं नसावं.

बाहेर गोंधळ माजला. पुंडलिकराव मघाशी कालव्यासह बाहेर पडले होते. त्यांनी खिडकीतून हे दृश्य पाहिलं आणि अधिकाऱ्यांच्या घरून काही वाईट बातमी आली असं ठरवलं. त्यांनी घंटा वाजवायला लावली. सगळे वर्ग मैदानात आले. सुखीबाईंनी चुलीवरची खिचडी उतरवली. कोणीतरी साहेबांना झटका आला म्हणून एकशे आठला फोन केला. पुंडलिकराव श्रद्धांजलीचं भाषण सुरू करून मयताचं नाव विचारायला कोणाला तरी आत पाठवत होते.

बबनराव सर घामाघूम होऊन दारात आले. "मॅडम, थांबवा हे! साहेब, पाणी घ्या, साहेब... धनीबाई, बस्स करा ना वो!" ते आत शिरायला लागले.

मी दारात आडवी झाले. मी शाळेत कधी आवाज चढवत नाही. प्रयोगशाळेत ते धोक्याचं असतं. त्या दिवशी चढवला.

"कोणीही मध्ये पडायचं नाही, सर. पुरतं होऊ द्या."

"तुमची खोली जाईन, मॅडम!"

"जाऊ द्या. पण हे अर्ध्यावर थांबवायचं नाही."

सर थांबले. आम्ही सगळे थांबलो. सूर चढला, खूप वर राहिला, मग हळूहळू उतरू लागला. शब्द कमी झाले. हुंदके लांब लांब अंतराने येऊ लागले. एक मोठा श्वास. मग धनीबाईंनी ओढणीने आधी भाच्याचा चेहरा पुसला, आरसे टोचल्यामुळे तो जरा ओरडला, मग स्वतःचा पुसला, आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "जेवला का?"

"नाही, फूफी."

"काहून? हे शाळावाले जेवू घालत नाई का?" त्यांनी बबनराव सरांकडे पाहिलं. साहेब हसले. आधी नाकातून, मग मोकळेपणी.

"मॅडम," अंजू म्हणाली, "झालं. आउट."

वर्गाने ते लिहून घेतलं.

साहेबांनी प्रयोगशाळेच्या बेसिनवर तोंड धुतलं. पुन्हा स्टुलावर बसले. या वेळी त्यांचं तोंड कोणत्याही बाजूला वाकडं नव्हतं. नाक तेवढं लाल होतं. मुलांना म्हणाले, आता मी पाहिलं त्यावर एक वाक्य सांगा. सगळे हात वर झाले. मला जन्मात इंग्रजीत इतके वर झालेले हात दिसले नव्हते, आणि रसायनशास्त्रात तर नाहीच.

निघताना त्यांना पोती दिसली. "ही इथे का?"

"साहेब, ते... कोठी गळते, तं म्हनलं या खोलीत..." बबनराव सरांचा आवाज सुरातच नव्हता.

"मॅडम, तुमचं काय म्हणणं आहे?"

मी याच प्रश्नासाठी उत्तर तयार ठेवलं होतं. मुद्दे होते, उपमुद्दे होते.

"ही प्रयोगशाळा आहे, सर," मी म्हटलं.

"दिसतंय," ते म्हणाले. मग फूफीला घेऊन त्यांनी अख्खी शाळा पाहिली, प्रत्येक छताखाली उभं राहून मान वर करून. कोरडी, हवेशीर, कडी लागणारी खोली शेवटी सापडली. मुख्याध्यापकांचा कक्ष. खोली मोठी होती आणि सर तसे एकटेच बसायचे. पोती तिकडे गेली. माझ्या दाराला नवीन कडी मंजूर झाली; जुन्या कुलपाचं पुंडलिकरावांनी निर्लेखन करून घेतलं, कारण आता ते निखळलेलं नसून तुटलेलं आहे, असं त्यांच्या लक्षात आलं होतं.

रुग्णवाहिका आली तेव्हा आम्ही सगळे खिचडी खात होतो. रुग्ण कोण, यावर डॉक्टरांनी जरा आवाज चढवला. त्यांनाही वाढलं.

धनीबाईंची मुलगी उन्हं उतरताना पोचली. फाटकातूनच हात पसरून, सूर लावत धावत आली. धनीबाईंनी हात वर करून तिला थांबवलं.

"आज नाई होत वो बाई. सगळं संपलं माह्याकडचं. तू उद्या रड."

मुलगी भयंकर संतापली. देवसिंगने सांगितलं, ती रात्रभर बोलली नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मायलेकी चहाआधी नीट रडल्या.

मी त्या संध्याकाळी घरी गेले आणि बऱ्याच दिवसांनी कसलीही तयारी न करता नुसती बसले. धम्मरत्न सरांचा फोन आला. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे आपोआप सुटलं म्हणा की, मॅडम. यालाही एक वाक्य आहे बरं का. थिंग्ज सॉर्टेड देमसेल्व्ह्ज..."

"नको, सर," मी म्हटलं. "तुम्ही या, अन् तुम्हीच शिकवा."

आता ते आले आहेत. इंद्रजीत साहेब फूफीला भेटायला वरचेवर येतात आणि आलेच आहेत तर शाळाही तपासून जातात, याबद्दल शिक्षकवर्गात माझ्याविषयी बरंच बोललं जातं. दुपारी कक्षात तांदळाचा धूळभरला वास फार होतो म्हणून बबनराव सर खुर्ची घेऊन माझ्या प्रयोगशाळेत येऊन बसतात. मी बसू देते. फक्त तराजूला हात लावू देत नाही.